खंडेनवमीचं तेल

या लिखाणात कुणाचंही नाव येणार नाही. माझंही नाही. कारण सरळ आहे. एकदा मी एक यंत्र तयार केलं आणि त्याचं मोल म्हणून एकच गोष्ट मागितली: ज्या कागदावर या यंत्राचं काम छापाल, त्यावर माझं नाव छापा. ते छापलं गेलं नाही. तेव्हा मीही कुणाचं छापत नाही. फिट्टमफाट.

मी शिकलेला माणूस नाही. सातवीनंतर शाळा सुटली. साठीच्या दशकात खानदेशातून सुरतेला आलो आणि पहिली चार वर्षं एका मिलमध्ये मोटारी पुसल्या. पुसता पुसता उघडायला शिकलो, उघडता उघडता भरायला शिकलो. जळलेली मोटार खोलायची, जुनी तार उपसून काढायची, नवी तार वेढे मोजून गुंडाळायची, वार्निश पाजायचं आणि भट्टीत सुकवायची, हा वायंडिंगचा धंदा. पुढे पांडेसऱ्यात रंगाईच्या कारखान्यांमागच्या रस्त्यावर मी स्वतःचं दुकान टाकलं. पाटीवर कुलदेवीचं नाव लावलं. माझं नाव तोवर मी छापलेलं एकदाच पाहिलं होतं, स्वतःच्या लग्नपत्रिकेत, आणि तिथेही छापणाऱ्याने ते चुकवलं होतं.

भंगारबाजारात मला सगळे ओळखत. मी दुकानात शिरलो की गुजराती व्यापारी म्हणत, "आव्यो, मरचुं आव्यो." मिरची आली. भाव करताना मी आवाज चढवायचो, निघून जायचो, परत यायचो, पुन्हा चढवायचो. त्याशिवाय घेतलेला माल मला आपला वाटत नसे.

म्हणून त्या बाईंचा मला पहिल्याच दिवशी राग आला.

सत्तरीच्या दशकाचा मध्य असेल. दुपारची वेळ होती. सुती साडी, हातात कापडी पिशवी, चष्मा. शहरातल्या एका कॉलेजात शिकवत होत्या. बोलणं पुण्याकडचं, अगदी इस्त्री केलेलं. त्यांनी विचारलं, "भाऊ, जास्त व्होल्टेजचे कंडेन्सर मिळतील का? जुने असले तरी चालतील."

मी दोन दाखवले आणि नेहमीच्या सवयीने तिप्पट भाव सांगितला. बाईंनी पर्स उघडली.

"अहो, काय करताय?" मी म्हणालो.

"पैसे देतेय."

"भाव नाही करणार?"

"तुम्ही सांगितला ना?"

"मी सांगितला म्हणून काय झालं! मी काहीही सांगेन. ठेवा ती पर्स. आधी सांगा, हे कशाला पाहिजेत? मिक्सर दुरुस्त करायला कुणी असले कंडेन्सर नेत नाही. हात लावला तर माणूस आडवा होईल."

त्या हसल्या आणि पुढ्यातल्या स्टुलावर बसल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहितो. माणसाचं शरीर बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं. त्या पेशी शरीराबाहेर बाटलीतही वाढवता येतात. प्रत्येक पेशीला एक कातडी असते, अतिशय पातळ, तेलासारख्या पदार्थाची. आतलं आत आणि बाहेरचं बाहेर राहतं ते तिच्यामुळे. परदेशात काही लोकांनी पाहिलं होतं, की पेशींना विजेचा अगदी क्षणभराचा जोरदार धक्का दिला की त्या कातडीला भोकं पडतात.

"म्हणजे इन्सुलेशन फुटतं," मी म्हणालो. "तारेवरच्या वार्निशचं फुटतं तसं. मग ती पेशी गेली कामातून."

"नाही ना. तेच तर आहे. धक्का बरोबर मापाचा असेल तर भोक थोड्या वेळाने आपोआप बुजतं."

"आपोआप?"

"आपोआप."

मी तिथेच थांबलो. दहा-बारा वर्षं मी फुटलेलं इन्सुलेशन पाहत आलो होतो. एकदा फुटलं की फुटलं. सगळी तार काढा, नव्याने भरा. माझं पोट त्यावर चालत होतं. आणि ही बाई सांगत होती की माणसाच्या अंगात असं इन्सुलेशन आहे, जे फुटतं आणि भरून येतं.

"भोक पाडून करायचं काय?" मी विचारलं.

"ते उघडं असताना आत काहीतरी पाठवायचं. पेशीने काय करायचं, काय बनवायचं, याच्या सूचना तिच्या आत लिहिलेल्या असतात. त्यांना जनुकं म्हणतात. काही माणसांमध्ये एखादी सूचना जन्मापासूनच चुकीची असते. बरोबर सूचना बाहेरून आत पोचवता आली तर?"

"आली आहे का कुणाला, या तऱ्हेने?"

"माझ्या माहितीत तरी नाही. मलाही यायची नाही कदाचित. पण दार उघडून परत लागतं, एवढं जरी इथे सुरतेत दाखवता आलं, तरी पुढचा माणूस पुढचं करेल."

मी कंडेन्सर परत कपाटात ठेवले. म्हणालो, "सुटे भाग विकणार नाही. तुम्ही जोडायला जाल आणि मराल. यंत्र मी करून देतो. सामानाचा खर्च तेवढा द्या. मजुरी नको."

"का?" त्यांनी पहिल्यांदाच संशयाने पाहिलं.

"हे छापून येणार ना कुठेतरी?"

"जमलं तर येईल."

"त्यावर माझं नाव पाहिजे. शुद्ध लिहिलेलं."

"एवढंच?"

"बाई, तुम्हाला खरंच भाव करता येत नाही," मी म्हणालो.

घरी सांगितलं तर बायको पोळपाटावरची मान वर न करता म्हणाली, "तुमले काय येड लागनं का? नाव छापीसन पोट भरी का?" तिच्या बोलण्यात चूक काही नव्हती. पण मला ते पाहिजे होतं. दुकानात येणारे मिलमधले साहेब मला "ए वायंडर" म्हणत. माझ्या हाताने फिरणाऱ्या मोटारींवर कंपनीची पट्टी असायची. मी जे काही केलं त्यावर माझी खूण कुठेच नव्हती.

यंत्राला तीन महिने गेले. एका थिएटरच्या दर्शनी निऑन पाटीचा अर्धा जळलेला ट्रान्सफॉर्मर मिळाला, त्याची चांगली बाजू वापरली. एक्स-रेच्या भंगारातून रेक्टिफायरची नळी काढली. कंडेन्सर माझेच. ठिणगी पडायला दोन गुळगुळीत गोळे हवे होते. ते पर्वत पाटियाजवळच्या एका भंगारवाल्याकडे जुन्या पलंगाच्या खांबांवर सापडले, पितळेचे, लिंबाएवढे. त्या दोन गोळ्यांसाठी मी पाऊण तास भांडलो. भंगारवाला म्हणाला, "गोळे काढले तर पलंग कोण घेईल?" मी म्हणालो, "झोपायला गोळे लागतात काय?"

पेशी ठेवायला बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी होती आणि तिच्यात समोरासमोर दोन पोलादी प्लेटा. कंडेन्सर भरला की गोळ्यांमध्ये फट्ट आवाज होऊन ठिणगी पडायची आणि धक्का प्लेटांमधून जायचा. कॉलेजचा शिपाई पहिल्या दिवशी कानावर हात ठेवून म्हणाला, "डॉक्टरबेन दिवाळी पहेलां ज फटाकडा फोडे छे!" त्या दिवसापासून आमच्या खोलीचं नाव फटाक्याची खोली पडलं.

पहिली परीक्षा रक्तावर घ्यायची ठरली. पेशी मुंबईहून आणायच्या, त्या महाग. रक्त फुकट.

"कुणाचं घ्यायचं?" बाईंनी विचारलं.

मी बाही वर केली. मिठाच्या पाण्यात माझं रक्त मिसळलं की पाणी गढूळ लाल दिसायचं. धक्का दिला आणि ते कोकम सरबतासारखं स्वच्छ लाल झालं. मला वाटलं जमलं. बाईंचा चेहरा पडला. "सगळ्या फुटल्या," त्या म्हणाल्या. "स्वच्छ दिसतंय म्हणजे एकही पेशी शिल्लक नाही. धक्का फार वेळ टिकतोय."

कंडेन्सर रिकामा व्हायला वेळ घेत होता, हे मला कळत होतं. त्याला झटकन निघून जायला दुसरी वाट हवी होती. उत्तर माझ्या जुन्या मिलमध्ये होतं. तिथल्या मोठ्या मोटारींना पाण्याचा स्टार्टर असायचा. सोड्याच्या पाण्याची टाकी असते, सुरू होतानाचा झटका ते पाणी सोसतं. मी काचेची नळी घेतली, रंगाईवाल्याकडून मूठभर मोरचूद आणला, त्याचं निळं पाणी नळीत भरलं, दोन्ही टोकांना तांब्याचे खिळे बसवले आणि ती नळी कुपीच्या जोडीला लावली. आता बहुतेक धक्का निळ्या पाण्यातून पळून जायचा, आणि पेशींना त्याची एक झुळूक लागायची. पाणी कमीजास्त दाट करून ती झुळूक आम्ही मापात आणली. बाईंनी ती नळी हातात धरून खूप वेळ पाहिली. म्हणाल्या, "भाऊ, हे मला पुस्तकात सापडलं नसतं."

हे वाक्य मी जपून ठेवलं आहे. पुढे त्यांचा राग आला तेव्हाही ते टाकून देता आलं नाही.

मग बाटलीतल्या पेशी आल्या. बाई सुट्टीच्या दिवशी मुंबईला जायच्या आणि थर्मासमधून त्या घेऊन यायच्या. खोलीत शिरताना मला चपला बाहेर काढायला लावत, कोपरापर्यंत हात धुवायला लावत. बाटलीत नुसतं गुलाबी पाणी दिसायचं. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर तळाच्या काचेला चिकटलेल्या, एकमेकींना खेटून बसलेल्या त्या दिसत.

"या कुणाच्या अंगातल्या?" मी विचारलं.

"एका बाईच्या. परदेशातल्या. त्या जाऊन पुष्कळ वर्षं झाली. पेशी अजून वाढताहेत."

"नाव काय त्यांचं?"

"मला माहीत नाही. बाटलीवर नुसती चार अक्षरं असतात."

"तिच्या घरच्यांना माहीत आहे, की ती इथे सुरतेत बसली आहे?"

बाईंनी बाटली उजेडात धरली. मग म्हणाल्या, "कोण जाणे." मला ते बरं वाटलं नाही, आणि त्यांनाही वाटलं नसावं. त्यानंतर त्या बाटलीला आम्ही दोघंही "त्या बाई" म्हणू लागलो. "त्या बाईंना खायला घातलं का?" "त्या बाईंना आज गरम होतंय, पेटीतला उबेचा बल्ब कमी करा."

परीक्षा अशी होती. एक निळा रंग असतो, जो जिवंत पेशी आत घेत नाही. रंगाच्या शहरात राहणाऱ्या मला हे ऐकून मजा वाटली. दोन बश्या घ्यायच्या. दोन्हींत कुपीत सारखाच धक्का दिलेल्या पेशी घालायच्या. पहिल्या बशीत लगेच निळा रंग घालायचा. दार उघडं असेल तर रंग आत शिरेल. दुसऱ्या बशीत अर्ध्या तासाने घालायचा. दार लागलेलं असेल तर रंग बाहेरच राहील. पहिली निळी, दुसरी कोरी. असं झालं की दार उघडलं आणि परत लागलं, हे सिद्ध.

हे दाखवायचं होतं मुंबईच्या एका मोठ्या सरांना. बाई त्यांच्या हाताखाली हे काम करत होत्या. ते येऊन पाहतील, पटलं तर काम पुढे चालेल आणि छापलंही जाईल. नाही पटलं तर खोली कॉलेजला परत द्यायची. सर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यायचे होते. नवरात्र बसायच्या आधी आम्ही चार वेळा करून पाहिलं. दोनदा नीट जमलं. दोनदा थोडंसं.

आणि मग मी ते केलं.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात. दुकानातला पाना, पकड, वायंडिंगचं चाक, वजनकाटा, सगळं धुऊन, घासून, तेलाचा हात फिरवून मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नाही. दुकानातली पूजा झाली आणि मनात आलं, माझं सगळ्यांत चांगलं हत्यार तर कॉलेजात आहे. त्याला उपाशी कसं ठेवायचं? सुट्टी होती, पण शिपाई माझ्या ओळखीचा. त्याने फटाक्याची खोली उघडून दिली. मी पितळी गोळे चिंचेने उजळले. लाकडी पाट्याला कुंकू लावलं. कुपी उघडून दोन्ही पोलादी प्लेटा पुसल्या, आणि सुरतेच्या दमट हवेत गंजू नयेत म्हणून मशिनच्या तेलाचं फडकं त्यांच्यावरून फिरवलं. मोटारी भरून भरून जे हातांना विचार न करता करायची सवय झालेली असते, तेच माझ्या हातांनी केलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी धुतलेला सदरा घालून गेलो. बाई आधीच आल्या होत्या. यंत्रावरचं झेंडूचं फूल पाहून हसल्या. "पूजा केलीत वाटतं." त्यांनी प्लेटा स्पिरिटने पुसल्या, नेहमीसारख्या. मशिनचं तेल स्पिरिटला दाद देत नाही, हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. मला माहीत होतं, पण मी दाराशी उभा राहून सरांच्या बुटांकडे बघत होतो.

पहिली बशी. धक्का. निळा रंग. सरांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं. "काही नाही," ते म्हणाले.

बाईंनी पुन्हा केलं. काही नाही. त्यांनी गोळ्यांमधलं अंतर वाढवलं, म्हणजे धक्का मोठा झाला. तरी काही नाही. आणखी वाढवलं. या वेळी कुपीच्या आतच एक वेडीवाकडी ठिणगी चमकली, आणि सूक्ष्मदर्शकाखाली नुसता चिखल दिसला. त्या बाईंची एकही पेशी धड राहिली नव्हती.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. रुमालाने बोटं पुसत म्हणाले, "असल्या घरगुती साधनावर विसंबून चालत नाही हो."

आणि बाई म्हणाल्या, "यंत्र इथल्याच एका कारागिराने केलंय, सर. दोष त्यातच असणार."

एका कारागिराने. मी सहा फुटांवर उभा होतो.

माझा आवाज कुठून सुरू झाला आठवत नाही. "कारागिराला नाव आहे!" मी म्हणालो. "आणि दोष यंत्रात नाही, हातात आहे! पंधरा दिवसांपूर्वी हेच यंत्र चालत होतं तेव्हा नव्हता दोष?" शिपाई मला धरायला आला. सर बाहेर निघून गेले. बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "भाऊ, आत्ता नको." मी "आत्ताच" म्हणालो आणि पाना घेऊन यंत्र उकलायला लागलो. ट्रान्सफॉर्मर, कंडेन्सर, गोळे, नळी, कुपी, सगळं पोत्यात भरलं. बाईंनी अडवलं नाही. रिक्षात बसलो तेव्हा मोरचुदाचं निळं पाणी माझ्या धुतलेल्या सदऱ्यावर सांडलेलं दिसलं.

चार दिवस पोतं दुकानात पडून होतं. पाचव्या दिवशी भाग सुटे करून विकायचे म्हणून मी ते घरी घेऊन आलो आणि कुपी नळाखाली धरली. बायको शेजारी भांडी घासत होती. तिने प्लेटांकडे पाहिलं आणि सहज म्हणाली, "तेलकट शे ते. पानी ठरत नही तेनावर. राखनं घासा."

पाण्याचे थेंब प्लेटेवरून मोत्यांसारखे घरंगळत होते.

मी नळ बंद केला. पेशीची कातडी तेलाची असते, तिच्यामुळे आतलं आत आणि बाहेरचं बाहेर राहतं, हे बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आणि मी माझ्या हाताने दोन्ही प्लेटांना तीच कातडी चढवली होती. वीज पेशींपर्यंत पोचलीच नव्हती. जास्त जोर लावला तेव्हा ती तेल फोडून कुठूनही घुसली आणि सगळं जाळून गेली.

मी काय केलं ते खरं सांगतो. सोड्याच्या उकळत्या पाण्यात प्लेटा तीन वेळा धुतल्या. पाणी त्यांच्यावर सारखं पसरेपर्यंत. यंत्र पुन्हा जोडलं, रिक्षात घातलं आणि कॉलेजात नेलं. बाई खोली रिकामी करायला लागल्या होत्या, बाटल्या खोक्यात भरत होत्या.

"एक जोड ढिला होता," मी म्हणालो. "घट्ट केलाय. करून बघा."

त्यांनी कुपी उचलली. प्लेटांवर पाण्याचा एक थेंब सोडला. तो पसरला. त्या थेंबाकडे त्यांनी जरा जास्तच वेळ पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "बरं झालं सापडला."

एक बाटली पेशी शिल्लक होती. पहिली बशी: निळी. इतकी, की मला सूक्ष्मदर्शकात डोळा लावल्याबरोबर कळलं. अर्धा तास आम्ही दोघं घड्याळाकडे बघत बसलो. दुसऱ्या बशीत रंग घातला. बाईंनी पाहिलं, बाजूला झाल्या, मला खूण केली. सगळ्या कोऱ्या. आजूबाजूला सगळं पाणी निळं, आणि त्याच्यात त्या बाई स्वच्छ, आपलं दार लावून बसलेल्या. धक्का दिलेल्या काही पेशी आम्ही रंग न घालता वेगळ्या ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या काचेला चिकटून वाढायला लागल्या होत्या.

पुढच्या काही महिन्यांत बाईंनी सूचनाही आत पाठवून पाहिल्या. काचेच्या कांडीवर स्पिरिटातून गुंडाळून काढलेला त्या सूचनांचा पांढरा तंतू त्यांनी मला दाखवला. मी म्हणालो, "हे तर कच्चं रेशीम." धक्का देताना तो पाण्यात मिसळलेला असायचा. पण तो आत गेला की नाही, आणि पेशीने तो वाचला की नाही, हे कळायचं साधन त्यांच्याकडे नव्हतं. "रंग दिसतो," त्या म्हणायच्या. "सूचना दिसत नाही."

दाराचं तेवढं छापून आलं. बाईंनी मोठ्या सरांना नोंदी पाठवल्या, त्यांना पटलं. एक दिवस त्या अंक घेऊन दुकानात आल्या. इंग्रजी मला येत नव्हतं, पण माझं नाव कोणत्याही लिपीत मला ओळखता आलं असतं. ते नव्हतं.

"इथे काय लिहिलंय?" मी शेवटच्या ओळींवर बोट ठेवलं.

"यंत्र स्थानिक पातळीवर तयार करून घेतलं."

"स्थानिक पातळी म्हणजे मी?"

"सरांनी नाव काढलं, भाऊ. कारागिरांची नावं द्यायची पद्धत नाही म्हणाले. मी दोनदा लिहिलं, त्यांनी दोनदा काढलं."

"तिसऱ्यांदा लिहायचं."

"तिसऱ्यांदा घाबरले," त्या म्हणाल्या.

मी अंक परत त्यांच्या हातात दिला आणि मोटार भरायला बसलो. दीड वर्ष मी त्या कॉलेजच्या रस्त्याने गेलो नाही. वाटेत कुणी मराठी प्राध्यापक भेटला तर त्याच्याशी भांडायला मला कारण लागत नसे. तेल माझं होतं, हे मी कुणाला सांगितलं नाही. मला वाटायचं, माझी चूक मी निस्तरली, यंत्र चालवून दाखवलं. त्यांनी त्यांचा शब्द कुठे निस्तरला?

बाईंचे यजमान बँकेत होते. त्यांची बदली झाली. जायच्या आदल्या आठवड्यात बाई पुन्हा दुकानात आल्या. तीच कापडी पिशवी. तिच्यातून एक जाड, कापडी पुठ्ठ्याची वही काढली. प्रयोगाची रोजची वही.

"वाचा," म्हणाल्या. "मराठीत आहे. सरांना पाठवायची इंग्रजी नक्कल वेगळी होती."

पहिल्याच पानावर माझं नाव होतं. शुद्ध. यंत्र कुणी केलं त्याच्यापुढे. मग मोरचुदाच्या नळीच्या दिवशी, "कल्पना यांची", आणि माझं नाव. रक्ताच्या दिवशी. जवळजवळ प्रत्येक पानावर. मी उलटत गेलो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचं पान आलं. तिथे लिहिलं होतं: सर्व प्रयत्न निष्फळ. त्याखाली, नंतर घातलेली, वेगळ्या शाईतली ओळ: प्लेटांवर तेलाचा थर होता. कारण: वापरण्यापूर्वी मी तपासलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

"तुम्ही प्लेटा एवढ्या लख्ख करून आणल्यात की कळणारच. आणि झेंडूच्या फुलाला मशिनच्या तेलाचा वास येत होता."

"मग मला विचारलं का नाही?"

"तुम्ही म्हणालात, जोड ढिला होता," त्या म्हणाल्या. "आणि सरांसमोर मी जे बोलले, त्यानंतर तुम्हाला विचारायचं मला तोंड नव्हतं."

मी ते पान दोनदा वाचलं. मग जे मला येतं ते केलं. "हे पान मला द्या," मी म्हणालो.

"प्रयोगाच्या वहीतलं पान फाडत नाहीत."

"सगळी वही द्या मग."

"वही कॉलेजची आहे."

"मग दाखवायला कशाला आणलीत? जखमेवर मीठ चोळायला?"

त्यांनी पानाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे एक रिकामी रेघ होती. "इथे साक्षीदाराची सही लागते. त्या दिवशी हजर असलेल्याची. तुम्ही आणि सर होतात. सरांनी केली नाही."

मी हात धुतले. कोपरापर्यंत, सवयीने. बाईंचं पेन घेतलं. नुसती सही करणार होतो, पण वरची ओळ डोळ्यांसमोरून हलेना. ती खरी नव्हती. मी तिच्याखाली लिहिलं: तेल मी लावलं, खंडेनवमीला. मग माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. बराच वेळ लागला. बाई शाईवर फुंकर घालत होत्या.

ती वही आता कुठे असेल सांगता येत नाही. भंगारात जुन्या वह्या किलोने जातात, ते माझ्याएवढं कुणाला माहीत? बऱ्याच वर्षांनी बाईंचं एक पत्र आलं, की परदेशात कुणीतरी अशाच धक्क्याने पेशीत जनुक पोचवलं, आणि ते पेशीने वाचलं. खाली लिहिलं होतं, "दार तेच." मला आनंद झाला. पण छापलं नाही ते नाहीच. ते मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

वहीवर सही केली त्या दिवशी, निघताना बाईंची नजर दुकानातल्या फळीवर गेली. काम बंद झाल्यावर यंत्र कॉलेजातून माझ्याकडे परत आलं होतं, आणि दोन्ही पितळी गोळे तिथे ठेवलेले होते.

"त्यातला एक मला द्याल?" त्या म्हणाल्या. "आठवण म्हणून. किती घ्याल?"

मी सवयीने तोंडाला येईल तो आकडा सांगितला.

बाईंनी पर्सला हात लावला नाही. स्टूल पुढे ओढलं, त्यावर नीट बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, एवढ्यात तर मी अख्खा पलंग आणेन."

मी गोळा उचलला, सोड्याच्या पाण्यात धुतला, कोरडा केला आणि कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिला.